मंडईपासून होळीपर्यंत: गावाकडचे कार्यक्रम कसे शोधायचे आणि काय चुकवायचं नाही

ताई, तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: माहेर अर्जुनी-मोरगावकडचं, सासर दारव्ह्याकडचं, बिऱ्हाड पुण्यात. २०२६ च्या दिवाळीला आठवडाभर गावी येणार, पुढे जानेवारी-फेब्रुवारीत आणखी एक फेरी जमेल. मुलांनी नाटक, दंडार, जत्रा यांपैकी काहीच पाहिलेलं नाही. कोणत्या गावात कधी काय आहे याची यादी कुठे मिळेल, आणि शहरात वाढलेली मुलं रात्रभर पेंडॉलमध्ये बसतील का, हे तुम्हाला हवं आहे.

यादी मिळणार नाही, कारण ती कुणी करतच नाही. गावातला कार्यक्रम पक्का होतो महिनाभर आधी, कधी कधी आठवडाभर आधी, आणि त्याची खबर नात्यागोत्यातून फिरते. मी साकोली तालुक्यातल्या एका गावी मंडळाचं काम पाहतो. वर्गणी, नाटक ठरवणं, पेंडॉल, पोलिस ठाण्याची परवानगी, शाहिरांची बिदागी हे सगळं वर्षानुवर्षं हातून गेलं आहे. त्याआधी खडीगंमतीत, म्हणजे रिंगणात उभ्यानं होणाऱ्या शाहिरी तमाशात, ढोलकी वाजवत होतो. त्या अनुभवावरून सांगतो, यादीवाचून काही अडत नाही. आमच्याकडचा कोणताही कार्यक्रम तीन गोष्टींना बांधलेला असतो: तिथी, पीक आणि मंडळाच्या हातातला पैसा. या तिन्ही ध्यानात घेतल्या की कोणत्या आठवड्यात कुठे असायला हवं ते घरबसल्या कळतं.

आधी तिथी. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यानं त्यापुढचे सण उशिरा येतात. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज ११ नोव्हेंबरला. पुढची महाशिवरात्र ६ मार्च २०२७ ला, होळी २२ मार्चच्या आसपास. म्हणजे झाडीपट्टीचा, आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचा, नाटकांचा हंगाम उशिरा सुरू होणार आणि उशिरा संपणार, दिवस तेवढेच मिळणार.

आता पीक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे धानावरच सगळं. हलका धान दिवाळीच्या सुमारास घरी येतो, भारी धानाची कापणी त्यानंतर, मग पुंजणे (रचून ठेवणे) आणि चुरणे (मळणी). दिवाळी लवकर आली तर लोक कापणीतून सुटलेले नसतात आणि मंडई, म्हणजे भाऊबिजेनंतरची गावजत्रा, घाईत उरकते. दिवाळी उशिरा असली की हलका धान कापून मोकळे झालेले लोक निवांत येतात. मात्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात भारी धानासाठी गावं दिवसभर बांधीत (धानाच्या शेतात) असतील, म्हणून दिवसाचे कार्यक्रम पाहायचे तर भाऊबिजेनंतरचा पहिला आठवडाच धरा. तुमची पहिली फेरी नेमकी त्यातच येते.

पैशाचं गणित याच्याशीच जोडलेलं. खरेदी केंद्रावर घातलेल्या धानाचा चुकारा (पैसे) हाती यायला वेळ लागतो. खर्चाचं मोठं नाटक मंडळ शक्यतो चुकारे आल्यावर ठेवतं, कारण तिकीट काढणाऱ्याच्या खिशातही तेव्हाच पैसा असतो. त्यामुळे नावाजलेल्या कंपन्यांचे प्रयोग जानेवारी-फेब्रुवारीत दाट लागतात. तिकडे वऱ्हाडात, तुमच्या सासरकडे, कापूस आणि तूर. दिवाळीनंतर माणसं वेचणीत गुंतलेली असतात, म्हणून तिकडच्या जत्रांचा खरा जोर डिसेंबरच्या अखेरीपासून.

खबर कुणाकडून काढायची? मी म्हणेन, पेंडॉलवाल्याकडून. तालुक्याच्या गावातल्या बिछायत केंद्राच्या डायरीत महिनाभराच्या तारखा लिहिलेल्या असतात: अमुक गावी नाटक, तमुक गावी पट (बैलांची शर्यत), फलाण्याकडे सप्ताह. त्याच्या खालोखाल साउंडवाला आणि पत्रिका-पोस्टर छापणारा प्रेसवाला. हे तिघं एका तालुक्यातलं जवळजवळ सगळं जाणून असतात आणि सांगायला कुणी नाही म्हणत नाही. वर्तमानपत्राच्या तालुका पानावरही येतं, पण बहुतेकदा कार्यक्रम झाल्यावर, उद्घाटकाच्या फोटोसकट. नाटकांपुरतं बोलायचं तर वडसा गाठा. देसाईगंज वडशात नाट्य कंपन्यांची ऑफिसं आहेत, बाहेर नाटकांच्या नावांचे फलक लागलेले असतात, आणि कोणत्या तारखेला प्रयोग कुठे आहे ते तिथे बसलेला माणूस वही उघडून सांगतो. गोंदिया-बल्लारशा रेल्वेनं अर्जुनीहून वडसा जवळ आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मंडई. भंडारा-गोंदियाकडे भाऊबिजेपासून गावोगावी ही भरते. गावाचा दिवस परंपरेनं ठरलेला असतो आणि शेजारची दोन गावं सहसा एकाच दिवशी मंडई ठेवत नाहीत, नाही तर पाहुणे वाटले जातात. लेकी माहेरी आलेल्या, जावई आलेले, सोयरे आलेले. कित्येक सोयरिकी आजही मंडईच्या गर्दीत बोलल्या जातात. आदल्या दिवसांत, पाडव्याला, गायगोधन, म्हणजे गायींची पूजा, होतं. गोवारी बांधवांचं ढालपूजन आणि नाच त्याच सुमारास. मंडईच्या दिवशी दुपारी चौकात बाजार लागतो: शेव-चिवडा, जिलेबी, फुगे, बांगड्या, आकाशपाळणा. त्या बाजाराच्या मधोमध किंवा जरा बाजूला देवळाच्या पारापाशी कोंडाळं दिसलं आणि ढोलकी ऐकू आली की मुलांना घेऊन थेट तिकडे जा. आकाशपाळणा पुण्यातही आहे.

ते कोंडाळं खडीगंमतीचं किंवा दंडारीचं असतं. खडीगंमतीत शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, टाळकरी, झीलकरी आणि नाच्या, एवढीच माणसं. रंगमंच नाही, पडदा नाही, माणसांचं रिंगण हीच त्यांची जागा. गण होतो, गौळण होते, मग लावणी आणि झगडा. पोस्टरवर ‘दुय्यम’ असं छापलेलं असेल तर समजा दोन पार्ट्या समोरासमोर आहेत, एक कलगीची, एक तुऱ्याची. तुरेवाले शिवाची बाजू धरणारे, कलगीवाले शक्तीची. एका शाहिरानं पुराणातला कूट सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत उत्तर बांधायचं. उत्तर अडलं की लोक गप्प बसत नाहीत. आता बायाही शाहिरीत उतरल्या आहेत, आणि बाई शाहीर समोर असली की सवालजवाबाला वेगळीच धार येते.

मुलांना काय दाखवायचं ते सांगतो. ढोलकीवाल्याची नजर पाहायला सांगा. तो शाहिराच्या तोंडाकडे पाहत नाही, नाच्याच्या पायांकडे पाहतो. पाय थांबायच्या आधी अर्धी मात्रा त्याची थाप चढते आणि चाळ आणि ढोलकी एकाच क्षणी तुटतात. हे कुठे लिहिलेलं नाही, सरावानंच येतं, आणि जोडी बदलली की पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागतं. दुसरं, बक्षिसाची वेळ. कुणी नोट पुढे केली की शाहीर गाणं न मोडता त्याच्याकडे वाकतो, नाव-गाव विचारतो आणि पुढच्या कडव्याच्या तोंडी ते नाव गुंफून टाकतो. चांगला शाहीर नुसतं नाव घेत नाही. देणाऱ्याच्या गावचा देव, त्याच्या बापाचं नाव, धानाची जात, काही ना काही त्यात बसवतो. तुमच्या लेकाच्या हातून नोट द्या आणि आजोबांचं नाव सांगायला लावा. त्याचं आडनाव ढोलकीवर ऐकल्यावर त्याला गाव परकं वाटणार नाही.

दंडार ही गावातल्याच मंडळींची. धानकाम करणारी, सुतारकाम करणारी माणसं महिनाभर रात्री तालीम करून उभी राहतात, पुराणातला किंवा घरगुती प्रसंग करतात, मध्येच गाणी, मध्येच नाच. झाडीबोली ऐकायची असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीसाठी आणि इथल्या लोककलांसाठी आयुष्य घातलं, म्हणून आज दंडारीकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं जातं. पण अभ्यास होणं वेगळं आणि रिंगणात माणसं असणं वेगळं. माझी खरी काळजी इथेच आहे. रात्रीचं नाटक तिकिटावर जगतं, त्याला कंपनी आहे, जाहिरात आहे. दुपारची खडीगंमत आणि दंडार गावाच्या वर्गणीवर आणि समोर उभ्या राहणाऱ्या माणसांवर जगते. वर्गणीत कात्री लावायची वेळ आली की पहिली कात्री तिला लागते, आणि त्या पैशात डीजे येतो. म्हणून मंडईला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, संध्याकाळी पोहोचू नका, दुपारी बाराला पोहोचा.

आता रात्रीचं नाटक. मंडळ कंपनीशी ठराविक रकमेचा करार करतं, तिकीट मंडळ विकतं, नफा-तोटा मंडळाचा. उरलेल्या पैशातून कुठे देऊळ होतं, कुठे शाळेला कंपाउंड. पेंडॉल पाहण्यासारखा असतो. प्रेक्षकांच्या जागी जमीन उताराची खोदतात, निघालेली माती मागच्या बाजूला टाकतात, म्हणजे मागचा माणूस पुढच्याच्या डोक्यावरून पाहू शकतो. खाली धानाचं तणस, वरून ताडपत्री किंवा बारदाना, बाजूला खुर्च्यांची वेगळी तिकिटं. नटांचं गाणं तिथल्या तिथे, साथीला पायपेटीचा ऑर्गन आणि तबला, हल्ली ऑक्टोपॅडही. तीन अंक, सामाजिक विषय, एक खाष्ट, एक भोळा, एक विनोदी नट ज्याची लोक वाट पाहत असतात, आणि मध्ये नाचगाणी. या रंगभूमीवर जन्म घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात फटाके वाजले होते.

मुलं बसतील का? बसतील, झोपतील, पुन्हा उठतील. सगळ्यांची मुलं तेच करतात. पोस्टरवर दहाची वेळ असली तरी पडदा त्याहून उशिरा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. खुर्चीचं तिकीट काढू नका. तणसावर जागा धरा, ऑर्गनच्या बाजूनं, तिथून गाणं नीट ऐकू येतं आणि गायक नट सूर घेण्याआधी पेटीकडे मान वळवतो ते दिसतं. दोन जाड चादरी आणि कानटोपी घ्या, जानेवारीत पहाटे दव पडतं. पहिला अंक मुलं पुरा पाहतील, दुसऱ्यात आडवी होतील, विनोदी प्रवेशाला हशा उठला की आपोआप जागी होतील. आणि मधेच उठून गाडी काढू नका. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, अर्जुनीकडचे कित्येक रस्ते जंगलातले आहेत, वाघाचा वावर आहे. दुचाकीनं तर नकोच. आमच्या म्हाताऱ्यांच्या मते नाटक उजाडेपर्यंत चालतं ते याचसाठी की कुणाला अंधारात घर गाठायची वेळ येऊ नये.

ध्वनिवर्धकाच्या नियमाबद्दलही सांगून ठेवतो, कारण त्यामुळे ऐनवेळी बदल होतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावता येत नाही, आणि शासन वर्षातले मोजकेच दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. रात्रभराच्या नाटकाला हे अवघड पडतं. समंजस मंडळं बाहेरचे भोंगे काढून आवाज पेंडॉलपुरता ठेवतात आणि ठाण्याशी आधी बोलून घेतात. बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू झाल्या की आवाजाबाबत जास्त जपावं लागतं. म्हणून फेब्रुवारीत निघण्यापूर्वी त्या दिवशी दुपारी एक फोन कराच.

नाटकाच्या दिवशी सकाळी गावात बहुधा शंकरपट असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. मधल्या वर्षांत पट नव्हता म्हणून कित्येक गावांत नाटकही बंद पडलं होतं, कारण पाहुणा पटासाठी येतो आणि नाटकासाठी थांबतो. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि बैलाला चाबूक किंवा तुतारी (टोचणी) लावता येत नाही. धुरकऱ्याचं (जोडी हाकणाऱ्याचं) खरं कसब त्यामुळेच दिसतं: नुसत्या आवाजावर आणि कासऱ्यावर जोडी सरळ काढायची. वेळ सेकंदाच्या भागांत मोजतात. मुलांना दोरीच्या आत जाऊ देऊ नका, जोडी पटीबाहेर गेली तर सावरायला वेळ मिळत नाही.

आता सासरकडचं. दिवाळीत दारव्ह्याला असाल तर आजूबाजूच्या तांड्यांवर जा. बंजारा समाजाच्या लेकी दिवाळीच्या रात्री हातात दिवे घेऊन घरोघर गाणी म्हणत ‘मेरा’ मागतात. हा घरचा सण, पाहायला बोलावणं हवं. तांड्यावरच्या ओळखीच्या माणसाला आधी विचारा, नाईकाला भेटा, मग हक्कानं बसवतील. त्याच दिवसांत यवतमाळच्या दक्षिण टोकाला, केळापूर-झरीजामणीकडे, कोलाम आणि गोंड गावांत दंडारी निघते. झाडीतली दंडार वेगळी, ही वेगळी. इथे मोरपिसांचे मोठे टोप घातलेली माणसं ढोलाच्या तालावर नाचतात आणि एक गाव दुसऱ्या गावी पाहुणं म्हणून जातं. वेळ पुरला तर तिकडे जा.

जानेवारीत वऱ्हाडात यायचं ठरवलंत तर दोन जत्रा सोडू नका. एक बहिरमची, चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. ती २० डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे यासाठी लोक लांबून येतात, राहुट्या टाकून मुक्काम करतात. इथे पूर्वी नवसाचे बळी पडत, गाडगेबाबांनी त्याविरुद्ध इथेच कीर्तनं केली. दुसरी ऋणमोचनची, भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठी, पौषातल्या रविवारी. २०२७ मध्ये पौषाचे चारही रविवार जानेवारीत येतात: १०, १७, २४ आणि ३१. गाडगेबाबांच्या कामाची सुरुवात ज्या ठिकाणांशी जोडली जाते त्यांतलं हे एक. त्यांनी नदीवर घाट बांधला तो आजही वापरात आहे. मुलांना त्या घाटाच्या पायऱ्या दाखवा आणि हा माणूस खराटा घेऊन गावात शिरायचा हे तिथेच सांगा, चार भिंतींत सांगण्यापेक्षा लवकर कळेल. तळेगाव दशासरचा पट धामणगाव तालुक्यात, तोही जुना आणि नावाजलेला. त्याची तारीख मात्र दरवर्षी विचारून घ्यावी लागते.

फेब्रुवारीत १५ तारखेला बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची जयंती. पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या तीर्थाला, गर्दी होते, पण त्याहून मला तांड्यावरची जयंती आवडते, तिथे म्हाताऱ्या बायांची गाणी ऐकायला मिळतात. होळीपर्यंत थांबलात तर तिथेच लेंगी, म्हणजे बंजारा होळीची गाणी, ऐकायला मिळेल. मेळघाटातली होळी हा वेगळाच विषय आहे. कोरकू माणसं कामासाठी कुठेही गेलेली असोत, होळीला गावी परत येतात, पाच दिवस नाच चालतो, रस्त्यात फगवा (होळीची पोस्त) मागतात. गाडी अडवली म्हणून चिडू नका, सुटे पैसे जवळ ठेवा. नंतर मेघनाथाची जत्रा.

सिंदखेड राजाची १२ जानेवारी, चिमूरची माघातली घोडायात्रा, मार्कंड्याची महाशिवरात्र ही सर्वांना माहीत असलेली ठिकाणं आहेत, त्यांच्याबद्दल बातम्या येतात, मी जास्त सांगत नाही. मार्कंड्याला गेलात तर उत्तरवाहिनी वैनगंगेकाठच्या देवळांवरचं कोरीव काम पाहायला यात्रेचा दिवस टाळा. गर्दीत भिंतीजवळ उभंही राहता येत नाही.

कचारगडबद्दल मात्र सांगायलाच हवं. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळ, माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा असते. २०२७ मध्ये ती २० फेब्रुवारीच्या आसपास येईल, तिचे दिवस आधी सुरू होतात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात, गुहेपर्यंत चढतात, आपले आदिपुरुष पारी कुपार लिंगो आणि माता कली कंकाली यांचं स्मरण करतात. रात्री रेला नाच होतो, गोंडी भाषा कानावर पडते, पिवळे झेंडे सगळीकडे. ही पूजा आहे हे मुलांना जाण्याआधी सांगा. नाचात हात धरून बोलावलं तर जरूर जा, पण मोबाइल उंच करून मध्ये घुसू नका. जेवण साधं मिळतं, पाणी बरोबर घ्या, चढायला चपला नको, बूट घाला.

एक कार्यक्रम असा आहे ज्याचं कुणी नाव घेत नाही, कारण तो फार सवयीचा झाला आहे: गावोगावचा तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी सोहळा. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला, आश्विन वद्य पंचमीला. गुरुकुंज मोझरीला तिथीनं मोठा महोत्सव होतो, २०२६ मध्ये तो ऑक्टोबरअखेर येतो, आणि ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखभर माणसं मौन उभी राहतात. पण गावं आपापल्या सोयीनं पुढे हिवाळाभर हा सोहळा ठेवतात. पहाटे सामुदायिक ध्यान, ग्रामसफाई, रामधून, संध्याकाळी प्रार्थना, रात्री खंजिरी भजन, शेवटच्या दिवशी गोपालकाला आणि पंगत. तिकीट नाही, आमंत्रण नाही, जो आला तो गावचा. खंजिरी भजनाची स्पर्धा लागली असेल तर मुलांना पुढे बसवा. चामडं मढवलेल्या वीतभर कड्यातून एकाच हाताची बोटं एवढा बोल काढतात हे त्यांना खरं वाटणार नाही. पूर्वेकडे असा वा पश्चिमेकडे, कोणत्याही आठवड्यात दोन-चार कोसांत हा सोहळा सापडतोच. आणि मुलं सकाळी उठून हातात खराटा घेतील, तेही चांगलंच.

माझं मत विचाराल तर दिवाळीत माहेरी राहा: ११ ला भाऊबीज, त्यानंतरच्या चार दिवसांत तीन मंडया, दुपारी खडीगंमत, एका रात्री नाटक. एकच नाटक, तीन नको, मुलं कंटाळतील. दुसरी फेरी १३ ते २१ फेब्रुवारी अशी ठेवा. १५ ला सासरकडे सेवालाल जयंती, मधले दोन दिवस घरी, मग पूर्वेकडे येऊन १९-२० ला कचारगड, आणि तिथून परतताना वडशाला विचारून जवळचं एखादं नाटक. शाळेमुळे फेब्रुवारी जमत नसेल तर २३ ते २६ जानेवारीची सुट्टी घ्या, ऋणमोचनचा रविवार आणि बहिरम दोन्ही त्यात बसतात.

शेवटचं काम तुमच्याकडून हवं आहे. तुम्ही फोटो काढालच. राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलावंतांसाठीच्या मानधन योजनेला अर्ज करायचा तर कलावंताला आपण इतकी वर्षं कला सादर केली याचे पुरावे जोडावे लागतात: पत्रिका, प्रमाणपत्रं, कात्रणं, छायाचित्रं. ज्या शाहिरानं आयुष्यभर पारावर उभं राहून गाणं केलं त्याच्याकडे यांतलं फारसं काही नसतं. पत्रिका छापलीच नव्हती, छापली ती पावसाळ्यात भिजली. म्हणून फोटो काढताना शाहिराचा चेहरा, हातातला डफ आणि मागचा मंडळाचा फलक एका चौकटीत घ्या. तारीख आणि गावाचं नाव मागे लिहून दोन प्रती कागदावर छापून काढा, मोबाइलवर पाठवून भागत नाही. एक शाहिराला द्या, एक मंडळाच्या सचिवाकडे. मंडईचं पोस्टर उतरवायच्या आधी त्यातलं एक मागून घेऊन तेही शाहिराच्या घरी पोहोचवा. आमच्याकडच्या एका तुणतुणेवाल्याचा अर्ज नागपूरहून आलेल्या एका पाहुण्यानं काढलेल्या अशाच फोटोंमुळे पुढे सरकला.